माझ्यात राहिलेला राग

मझिंबाच्या बस डेपोमागं एक बैठं ऑफिस आहे. तिथल्या टेबलाच्या सगळ्यात खालच्या ड्रॉवरमधून मी बोलतेय. मी एक हार्ड डिस्क. आकारानं जाडजूड प्रार्थनेच्या पुस्तकाएवढी. माझ्याभोवती बायका कमरेला गुंडाळतात त्या लाल चितेंजेची एक चिंधी बांधलेली आहे, चुकून कुणी मला उचलू नये म्हणून. उचलायला येतंय कोण म्हणा. सोबतीला एक स्टेपलर, दोन आटलेली पेनं आणि एक झुरळ आहे. झुरळ तेवढं अधूनमधून चौकशी करून जातं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही. जन्मले तेव्हा मी कोरी होते, आणि कोऱ्या डिस्कला आठवण नसते. माझी पहिली आठवण म्हणजे लुसुंगूची बोटं. लुसुंगू इथली यंत्रं सांभाळते. तिनं मला खोक्यातून काढलं, उगाच एक फुंकर मारली आणि म्हणाली, "चल बाई, कामाला लाग."

काम कसलं, ते आधी सांगायला हवं.

आमच्याकडची माणसं जोनीला जातात. जोहान्सबर्ग एवढं लांबलचक म्हणायला कुणाला वेळ नाही. खाणीत, लोकांच्या बागेत, हॉटेलाच्या मोरीत, मिळेल ते काम करतात. बरेचजण परत येतात, घोंगड्यांचे गठ्ठे आणि मोठमोठ्या बाता घेऊन. काही येत नाहीत. आधी त्यांचा निरोप थांबतो, मग फोन थांबतो, मग घरातली माणसं त्यांचं नाव घेताना आवाज खाली आणायला लागतात. अशांना इथं मचोना म्हणतात. गेले आणि तिकडंच हरवले, ते मचोना.

हे ऑफिस चालवणाऱ्या तावोंगा न्खाताचा बाप मचोना होता. ती पोटात होती तेव्हा गेला. तिनं अर्धं आयुष्य पोस्टाच्या टेलिफोनवर लोकांचे फोन जोडून देण्यात घालवलं, आणि त्या सगळ्या वर्षांत बापाचा फोन काही आला नाही. नोकरी संपल्यावर तिनं ही लाइन सुरू केली. घरच्यांनी इथं यायचं, किंवा फोन करायचा, आणि हरवलेल्या माणसासाठी आपल्या आवाजात निरोप ठेवायचा. हरवलेल्यानं जोनीतून कुणाच्याही फोनवरून आमचा नंबर फिरवायचा. आपलं नाव, आईचं नाव आणि गाव सांगितलं की त्याचा निरोप त्याला ऐकायला मिळतो. सगळे तिला अमामा म्हणतात, म्हणजे आई. स्वतःचं मूल नसलेल्या बाईला एवढी लेकरं क्वचितच मिळतात.

ही नावं, गावं आणि आवाज एका मोठ्या सर्व्हरमध्ये राहतात. त्याला इथं सगळे पेटी म्हणतात. सुरुवातीला आवाज मूठभर होते. मग रेडिओवर कुणीतरी आमचा नंबर सांगितला आणि लोंढा आला. रुम्फीहून फोन, करोंगाहून फोन, थेट सरोवराकाठच्या मांगोचीहून फोन. माणसं सणाला घालायचे कपडे घालून निरोप बोलायला यायची. जोनी म्हणजे जणू टेकडीपलीकडचं गाव असावं, अशी ओरडून बोलायची. एक बाई कोंबडा काखोटीला मारून आली होती, पोराला घरचा कोंबडा ऐकू यावा म्हणून. कोंबड्यानं तोंड उघडलं नाही. बाईनं त्याचा उद्धार केला, तो मात्र सगळा नोंदला गेला.

पेटी कधी ना कधी मरणार, हे लुसुंगूला माहीत होतं. यंत्रंच ती. म्हणून मला आणलं. पेटीत जे जे आहे त्याची नक्कल माझ्यात ठेवायची, एवढंच माझं आयुष्य.

पहिल्यांदा मला भरलं तेव्हा लुसुंगूनं रविवारची दुपार निवडली आणि लाइन बंद ठेवली. नक्कल करताना मध्येच काही बदललं तर सगळं अर्धंमुर्धं उतरतं, म्हणून. लोक चर्चमध्ये असतील, कुणाचं अडतंय, असं सगळ्यांना वाटलं. मी भरले, लाइन चालू झाली, सगळ्यांनी तळलेली गोड मांदासी खाल्ली.

पुढं बऱ्याच महिन्यांनी चिरवा नावाचा बस ड्रायव्हर ऑफिसात आला. जोनीत त्याला खुंबो नावाचा माणूस भेटला होता. खुंबो त्याला म्हणाला, मी हिंमत करून एकदाच फोन केला, एका रविवारी. फोन मेलेला होता. म्हणजे माझं तिकडं कुणी राहिलेलं नाही. ड्रायव्हरनं त्याला समजवायच्या आत तो गर्दीत गेला. खुंबोची बायको दर महिन्याला निरोप ठेवायला यायची. ते ऐकून ती पायरीवर बसली, ती दिवस मावळेपर्यंत उठली नाही.

त्या दिवशी अमामा लुसुंगूला म्हणाली, "ही लाइन परत बंद होणार नाही. मी मेले तरी चालू राहील. तुझी नक्कल तू चालत्या लाइनवर कर, नाहीतर करू नकोस."

लुसुंगूनं डोकं खाजवलं आणि तोड काढली. दुकान उघडं ठेवून मालाची मोजदाद कशी करायची, तसाच हा प्रश्न होता. मोजणारा अर्ध्यावर असतो, तोवर गिऱ्हाईक येतं, काही जातं, काही नवं येतं. तिनं एक क्षण धरला आणि ठरवलं, इथपर्यंतचं सगळं डिस्कमध्ये जाईल. त्यानंतर जे येईल, बदलेल, पुसलं जाईल, त्याची नोंद बाजूला होत राहील. पेटी आपली फोन घेत राहील. माझं भरून झालं की ती बाजूची नोंद मागाहून माझ्यात ओतायची. ना लाइन बंद, ना एक शब्द कमी. मला फार अभिमान वाटायचा त्याचा. मी भरत असायचे आणि त्याच वेळी शेजारी कुणीतरी रडत असायचं, कुणी फोनवर हसत असायचं, आणि कुणालाही थांबावं लागायचं नाही.

याच दिवसांत न्यामोयो आली.

न्यामोयो म्हणजे मोयोंची लेक. इथं लग्न झालेल्या बाईला माहेरच्या कुळावरून हाक मारतात. बाई उंच, वाळलेली, नजर अशी की समोरचा आपोआप सरळ बसावा. तिचा मुलगा वितुंबिको जोनीला जाऊन खूप वर्षं झाली होती. ती इतरांसारखी नटून आली नव्हती. खुर्चीवर बसली, फोन तोंडापासून हातभर लांब धरला आणि पंचांसमोर जबानी द्यावी तशी बोलली.

"वितू, मी तुझी आई बोलतेय. तुझ्या बापाची माती होऊन पावसाळा उलटला. त्याला खांदा द्यायला तुझे चुलते आले, शेजारी आले, आपल्याशी भांडण असलेलं घरसुद्धा आलं. तू आला नाहीस. निरोप तुला पोचला होता. ज्यानं दिला त्यानंच मला येऊन सांगितलं. तर आता ऐक. माझ्या मातीला येऊ नकोस. मला मुलगा नाही असं मी गावात सांगितलंय. एवढंच."

मग थोडी खुडबुड, आणि हळू आवाजात अमामाला विचारलेलं, "हे बंद कुठं करायचं ग? हे लाल का?"

बापाच्या मातीला न जाणं म्हणजे काय, हे आमच्याकडं कुणाला समजवावं लागत नाही. त्याहून मोठा गुन्हा नाही. ऑफिसातल्या बायकांनी माना खाली घातल्या. त्याच आठवड्यात माझ्यात नक्कल उतरली आणि तो निरोप माझ्यात आला. कोंबडेवालीच्या शिव्या होत्या, त्यांच्या जवळच तो बसला.

ती माझी शेवटची नक्कल ठरेल, हे मला ठाऊक नव्हतं.

आवाज वाढत चालले होते आणि मी होते तेवढीच. शेवटी माझ्यात जागा उरली नाही. त्यावर लुसुंगूनं मोठीच उडी मारली. तिनं पेटीच्या शेजारी दुसरी पेटी आणली, तिची जुळी. पहिलीत काही आलं की त्याच क्षणी दुसरीत जायचं. पहिली मेली तर दुसरी लगेच फोन उचलणार. लुसुंगू आनंदानं नाचायची बाकी होती. मला खरं सांगायचं तर त्या जुळीचा राग आला. सवतच ती. पण तिचं काम चोख होतं, नाही कसं म्हणू. बाजूची नोंद आता तिला द्यायची आणि तिच्याकडं पोचली की फेकून द्यायची, उगाच जागा खाते म्हणून. माझी वायर काढली गेली. गरज सरो, वैद्य मरो. मी ड्रॉवरमध्ये आले.

ड्रॉवरच्या फटीतून दिसतं थोडंसंच, पण ऐकू सगळं येतं.

न्यामोयो परत आली. मला वाटलं, आणखी शिव्या द्यायला. पण ती नुसती बसून राहिली आणि निघून गेली. पुढच्या बाजाराला आली, तेव्हा म्हणाली, "वितू, छपरावरचे पत्रे बदलले." बस, तेवढंच. मग कधी शेळी व्यायली ते सांगायची, कधी विहिरीजवळच्या आंब्याचं. एखादी बाई नवऱ्याशी अबोला धरते आणि मग मीठ संपलंय एवढंच भिंतीकडं बघून सांगते, तसं ते बोलणं होतं. अमामा तिला थोबवा करून द्यायची. मक्याचं ते गोड पेय ती पुरतं प्यायची आणि पाणचट झालंय म्हणायची.

बरेच बाजार असे गेले. मग एके दिवशी, ऑफिस माणसांनी भरलेलं असताना, तिनं फोन तोंडाजवळ धरला. आवाज इतका खाली, की सगळे आपोआप गप्प झाले.

"वितू, मागं मी जे बोलले ते रागाचं होतं. राग खरा होता, पण तो आता संपला. तू माझ्या मातीला ये. नाही जमलं तर मागून ये. कबरीपाशी दोन शब्द बोल, मला तेवढे पुरेत. तुझं घोंगडं मी कुणाला दिलेलं नाही."

बायकांनी डोळ्यांना चितेंजेची टोकं लावली. न्यामोयो फोन ठेवून त्यांच्यावर खेकसली, "काय बघताय? आपापलं बोला की."

ड्रॉवरमध्ये मी होते तशी होते, वायर काढलेली. मी ते ऐकलं. पण ऐकणं वेगळं आणि आपल्यात असणं वेगळं. ते पेटीत गेलं, जुळीत गेलं. माझ्यात नाही आलं.

थंडीच्या दिवसांत न्यामोयो गेली. लाइनवर एकजण सोडून सगळं ऑफिस तिच्या मातीला गेलं. वितुंबिको आला नाही. त्याला कुणी कळवणार कुठं?

सुतक संपलं, घर झाडून घेण्याचा दिवस झाला, आणि त्यानंतर वितूचा थोरला चुलता ऑफिसात आला. शाबा घराण्यातला कर्ता माणूस, अंगात कोट, हातात टोपी. सगळे त्याला अडाडा म्हणतात, म्हणजे बाबा. वाईट माणूस नाही तो. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याला बोल लावाल. त्यानं आधी सगळ्यांची खुशाली विचारली, सगळ्यांनी त्याची विचारली. मग तो मुद्द्यावर आला.

"अमामा, तिचे कपडे वाटले, भांडी वाटली, घर झाडून घेतलं. पण तुमच्या या पेटीत ती अजून पोराला हाका मारतेय. गेलेल्या माणसानं जिवंताला हाक मारू नये. पोरगं तिच्या मागं जाईल. आमच्या भावाच्या घरात तो एकच उरलाय."

अमामाला हे ऐकून नवल वाटलं नाही. तीही याच मातीतली. लहानपणी आजी गेली तेव्हा तिच्या नावानं अंगणात हाक मारली म्हणून तिनं मार खाल्ला होता. आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यांत खरी भीती होती. न्यामोयो काय बोलून गेली ते त्याला माहीत नव्हतं, आणि त्यानं ऐकायचंही नाकारलं. मेलेल्याचा आवाज ऐकू नये म्हणाला. शेवटी अमामानं लुसुंगूला सांगितलं, पुसून टाक.

लुसुंगूनं पुसलं. म्हातारा तेवढा वेळ टोपी छातीशी धरून उभा होता. किती सोपं असतं ते. एक बटण, परत एकदा विचारणा, आणि एक बटण.

लुसुंगूच्या मनात होतं, जुळीत आहेच की. पेटीतून गेलं तरी दुसरीकडं राहील, कधी लागलंच तर काढू. म्हातारा गेल्यावर तिनं सहज जुळी उघडली आणि तिचा हात जागीच राहिला. जुळी कशाला म्हणतात? पहिलीत आलं की तिच्यात आलं, पहिलीतून गेलं की तिच्यातून गेलं. तिनं तेच केलं होतं, क्षणाचाही उशीर न करता. लुसुंगूला हे माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं आणि त्या घडीला आठवणं, यात फरक पडतो. एकीचं मोडलं तर दुसरी आहे, एवढंच तिच्या डोक्यात बसलं होतं. आपणच पुसलं तर काय, हा विचार करायचा राहून गेला होता.

तिनं अमामाला सांगितलं. अमामा म्हणाली, जाऊ दे, इतक्या वर्षांत वितूनं फोन केला नाही, आता काय करणार.

मक्याला तुरे आले होते तेव्हा त्यानं फोन केला.

भर दुपार होती. फोनवरचं नाव मोठ्यानं परत म्हणायची अमामाची पोस्टातली सवय आहे. "वितुंबिको शाबा," ती म्हणाली आणि पेटीकडं वळली. पेटीत त्याचं नाव होतं, गाव होतं, आणि निरोपाची जागा रिकामी. तिनं त्याला आई गेल्याचं सांगितलं. पलीकडं कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत राहिला. मग त्यानं विचारलं, "माझ्यासाठी काही ठेवलंय तिनं?"

या लाइनवर अमामा कधी खोटं बोललेली नव्हती. "ठेवलं होतं," ती म्हणाली. "शुक्रवारी फोन कर. तोवर काढून ठेवते."

त्याचा स्वतःचा फोन नव्हता, कागदपत्रंही नव्हती. ज्याच्या गाड्या धुवायचा त्या मालकाचा फोन मागून आणला होता. शुक्रवारी परत मागून बघतो म्हणाला.

त्या दिवशी लुसुंगूला माझी आठवण झाली. ड्रॉवर उघडला, उजेड आला. तिनं पहिल्या दिवसासारखीच फुंकर मारली आणि वायर जोडली. इतक्या दिवसांनी फिरायचं म्हणजे मलाही धाप लागली. आधी मी नुसती खरखरले. लुसुंगू मला ओंजळीत धरून चक्क विनवण्या करायला लागली. मी जीव गोळा करून फिरले. माझ्यातलं सगळं जागच्या जागी होतं. खुंबोच्या बायकोचे निरोप होते, कोंबडेवाली होती. न्यामोयोही होती.

त्यांनी तो निरोप लावला. माझ्या मातीला येऊ नकोस. मला मुलगा नाही. एवढंच.

लुसुंगू त्याच्या पुढचं शोधत राहिली. पुढचं माझ्यात नव्हतंच. मी ज्या दिवशी भरणं थांबले, तिथं न्यामोयोचा राग थांबला होता. ती मागाहून बाजारामागून बाजार येत राहिली, त्यातलं एक अक्षर माझ्याकडं नव्हतं. पत्रे नाहीत, शेळी नाही, घोंगडं नाही. लुसुंगू टेबलावर डोकं ठेवून रडली.

"अमामा, हे नका लावू," ती म्हणाली. "डिस्क बिघडली म्हणून सांगू या."

"माझ्या बापानं काही सांगून ठेवलं असतं, आणि ते असंच कडू आहे म्हणून कुणी दाबून ठेवलं असतं, तर?" अमामा म्हणाली. "शिवी असली तरी ती त्याची आहे. आपली नाही."

शुक्रवार उजाडेपर्यंत माझ्यातलं काहीतरी मोडून पडावं असं मला वाटत राहिलं. डिस्कनं असं मागणं म्हणजे विहिरीनं आटायचा नवस बोलण्यासारखं आहे. पण वाटलं. नेमकी मी ठणठणीत होते.

शुक्रवारी ऑफिसात त्या दिवशीच्या बाजारच्या बायका आल्या होत्या, ज्यांनी न्यामोयोचं बोलणं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. म्हातारा शाबाही आला आणि भिंतीशी बसला. त्याला आता सगळं कळलं होतं. फोन आला. वितूनं मालकाचा फोन मिळवला होता.

अमामानं त्याला आधीच सांगितलं, "वितू, हे जुनं आहे. पहिल्यांदा आली तेव्हाचं, रागातलं. नंतर ती पुष्कळदा आली आणि वेगळं बोलली. ते आमच्याकडून पुसलं गेलं. चूक आमची."

"लावा," तो म्हणाला.

लावलं. न्यामोयो बोलली. सगळं ऑफिस जमिनीकडं बघत होतं. ती "एवढंच" म्हणाली, मग ती खुडबुड, आणि "हे बंद कुठं करायचं ग? हे लाल का?"

तेवढ्यावर तो हसला. नाकातून आलेलं, लहान मुलाचं असतं तसं हसू.

"तीच आहे," तो म्हणाला. "परत लावा."

परत लावलं. या वेळी तो हसला नाही.

मग अमामानं त्याला सांगायला सुरुवात केली. आठवेल तसं, शब्दाला शब्द जोडून. राग संपला म्हणाली. मातीला ये म्हणाली, नाही जमलं तर मागून ये म्हणाली. एका बाईनं फोन ओढून घेतला आणि सांगितलं, पोरा, मी इथं या बाकावर होते, मी ऐकलंय. दुसरीनं सांगितलं. पत्र्यांचं सांगितलं, शेळीचं सांगितलं. त्यानं सगळ्यांचं ऐकून घेतलं, मध्ये बोलला नाही. चांगल्या घरचं पोर.

"तुम्ही चांगल्या बाया आहात," तो शेवटी म्हणाला. "पण माझी आई बोललेला शब्द मागं घेणारी नव्हती. मी तिच्या घरात वाढलोय."

"तुझं घोंगडं तिनं कुणाला दिलं नव्हतं," अमामा म्हणाली.

पलीकडून मालकाची हाक ऐकू आली. मग, "आहे ते अजून?"

अमामानं म्हाताऱ्याकडं बघितलं. म्हाताऱ्यानं टोपीत तोंड घातलं. घर झाडलं त्या दिवशी सगळ्या वस्तूंबरोबर ते घोंगडंही वाटलं गेलं होतं. कुणाचं, कशासाठी ठेवलेलं, कुणाला काय ठाऊक.

"असू दे, अमामा," वितू म्हणाला. "मातीला येऊ नकोस म्हणाली, आलो नाही. जन्मात तिचं एक तरी ऐकलं."

त्यानं सगळ्यांचे आभार मानले. मालक फोन मागतोय म्हणाला. मग फोन बंद झाला.

त्याला आता दोन पावसाळे झाले. त्यानं परत फोन केलेला नाही.

इथलं काम आता वेगळं चालतं. माझ्या जागी माझ्याहून कितीतरी मोठ्या बहिणी आल्यात. चालत्या लाइनवरच त्या भरतात, आळीपाळीनं. बाजूची नोंद आता कुणी फेकत नाही, ती सांभाळून ठेवतात, म्हणजे कुठल्याही दिवसाचं हवं ते परत उभं करता येतं. एक बहीण बसनं मझुझूच्या मिशनमध्ये जाते, इथं आग लागली तर म्हणून. भरलेलं नुसतं ठेवत नाहीत, अधूनमधून काढून ऐकून बघतात. कुणी पुसायला सांगितलं तर लुसुंगू हो म्हणते, बाजूला काढून ठेवते, पण पुसत नाही. खूप शहाणी झाली पोर. तेव्हापासून ती फारशी हसतही नाही.

म्हातारा शाबा दर बाजाराला येतो. न्यामोयोच्या खुर्चीवर बसतो आणि फोनमध्ये सांगतो, "वितू, मी तुझा थोरला बा. बाया म्हणाल्या तसं ती बोलली होती. पुसायला मी सांगितलं." दर वेळी तेच. पेटी ते घेते, जुळी घेते, माझ्या बहिणी घेतात. निरोप साचत चाललेत, आणि ऐकणारा फोन करत नाही.

मला मात्र कुणी नव्यानं भरत नाही, आणि पुसतही नाही. कसं पुसतील? साऱ्या जगात न्यामोयोचा आवाज आता फक्त माझ्यात आहे. माझ्याभोवती ही चिंधी अमामानं बांधली, आपल्याच चितेंजेची फाडून. मी आयुष्यभर एकच काम शिकले, जे दिलं ते जसंच्या तसं ठेवायचं. आणि माझ्यात राहिला तो तिचा राग. माया राहिली असती तर मीही सुखानं गंजले असते.

तुम्ही एवढा वेळ माझं ऐकलंत. तुमच्यापैकी कुणी कधी जोनीला गेलात, तर तिथं गाड्या धुणारा एक माणूस बघा, काझेंगो गावचा, वितुंबिको शाबा. त्याला सांगा, तुझ्या आईचा राग संपला होता. मातीला ये म्हणाली होती, नाही जमलं तर मागून ये, कबरीपाशी दोन शब्द बोल. मी ड्रॉवरमध्ये होते, मी ऐकलंय.

तो म्हणेल, तुम्ही चांगली माणसं आहात. म्हणू दे. तरी सांगा.